निळ्या पट्टीची पेटी शेल्फवरच राहिली

फेर्ने-व्होल्तेर पोलीस ठाणे
शनिवार, २० डिसेंबर, सायंकाळी १८:१० वाजता

माझं नाव क्लेलिया मेर्मियो, वय २३ वर्षे, धंदा नोकरी (जिनिव्हा विमानतळावर फ्रेंच बाजूला गाड्या भाड्याने देण्याच्या काउंटरवर), राहणार फेर्ने-व्होल्तेर. मूळ गाव लेझार्ब, शेव्हान घाटाच्या पायथ्याशी.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, आमच्या काउंटरवरून आज दुपारी गेलेली एक गाडी शेव्हान घाटात अडकली आहे. गाडीत तांगी केर्व्हेला, वय ६७, राहणार ब्रेस्त, आणि त्यांची नात नोलवेन, वय ८, अशी दोघं आहेत. मला कोणी बोलावलेलं नाही. आल्या आल्या मी म्हणाले की आधी घाटात माणसं पाठवा, लिहायचं ते मागून लिहा. ठाणे अंमलदार पेरूझ साहेबांनी माझ्यासमोर डोंगरातल्या बचाव-पथकाला फोन केला. पथक निघालं. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून सांग. सावकाश."

आज शनिवार, म्हणजे स्कीच्या आठवड्याची अदलाबदल. जुनी माणसं खाली येतात, नवी वर जातात. त्यात नाताळची सुट्टी आजच लागली. माझी ड्युटी सकाळी सहा ते संध्याकाळी पावणेसहा, मध्ये अर्धा तास जेवण. आज जेवण झालं नाही.

आमच्या विमानतळाला दोन बाजू आहेत. स्विस बाजूच्या गाड्यांना हिवाळ्यात बर्फाचेच टायर असतात. आमच्या फ्रेंच बाजूच्या गाड्या साध्या टायरवर असतात आणि डिकीत चाकाला बांधायच्या चेनची पेटी असते. कायद्याने तेवढं चालतं. भाडं निम्मं असल्याने लोक आमच्याकडे येतात.

केर्व्हेला आजोबा ११:४० ला काउंटरवर आले. पॅरिसमार्गे आले होते. नात पहिल्यांदा बर्फ बघणार होती. तिने विमानातच स्कीचा चष्मा घातला होता आणि तो काढायला तयार नव्हती. आजोबांनी ब्रेस्तच्या बंदरात टगबोटीवर अडतीस वर्षं काढली आहेत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी लायसन्स बघत होते तेव्हा म्हणाले, "फोटो बघू नकोस पोरी, तो तरुण माणूस कधीच बुडाला." नात म्हणाली, "आजोबा सगळ्यांना हेच सांगतात."

आजोबांनी मला विचारलं, "पलीकडे म्हणे टायरच बर्फाचे मिळतात. तिकडून घेऊ का?"

मी म्हणाले, "पलीकडे दुप्पट पैसे जातील आजोबा, आणि डोंगर तोच आहे."

"बघ हं. मला समुद्रातलं विचार, बर्फातलं मला काही कळत नाही."

"मी तिथलीच आहे. तीन वर्षांची असल्यापासून स्की करते."

हे मी बोलले. यात खोटं काही नाही.

त्यांनी लहान गाडी ठरवली होती. ती आधीच्या गिऱ्हाईकाकडून परत आली नव्हती. म्हणून मी त्याच पैशात मोठी गाडी दिली. मोठी गाडी मिळाली म्हणून नातीने टाळ्या वाजवल्या आणि मला घरून आणलेल्या लोणी-साखरेच्या केकचा तुकडा दिला.

चेनच्या पेट्यांबद्दल. लहान चाकाच्या पेटीवर पिवळी पट्टी असते, मोठ्या चाकाच्या पेटीवर निळी. शनिवारी गर्दी असते म्हणून सकाळची पाळी सहा वाजताच सगळ्या पेट्या काढून त्यांच्यावर गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी लावते. नंतर ज्याच्या नावाची पेटी त्याच्या डिकीत जाते. चिठ्ठीवर गाडीचा नंबर नसतो. असं आमच्याकडे पहिल्यापासून चालतं, मीही तसंच शिकले. आज सकाळची चिठ्ठी मीच लावली होती. गाडी बदलल्यावर मी केर्व्हेला नावाची पेटी उचलली आणि मोठ्या गाडीच्या डिकीत ठेवली. पट्टी पिवळी होती. मी नाव बघितलं.

चेन कशी चढवायची ते एकदा करून दाखवायचं असतं. मागे रांगेत चौदा जण होते. मी दाखवलं नाही. 'योग्य मापाची चेन मिळाली, वापर समजला' या कागदावर आजोबांनी सही केली. तो कागद मी सोबत आणला आहे.

प्रश्न : शेव्हान घाटाचा रस्ता त्यांनी कसा निवडला?

उत्तर : मी सांगितला. त्यांना ले प्लाने या स्कीच्या गावी जायचं होतं. मोठ्या रस्त्याने शनिवारी चार-चार तास रांग लागते. आमच्या गावचं कोणीही त्या रस्त्याने जात नाही, सगळे शेव्हान घाटाने जातात, हिवाळ्यात घाट बंद करणारं फाटक अजून पडलेलं नाही. मी नकाशावर पेनाने रेघ मारून दिली. म्हणाले, "हा आमचा रस्ता. बाहेरच्यांना ठाऊक नाही."

आमच्या गावात एक नोव्हेंबरला सगळे जण टायर बदलून बर्फाचे लावतात, माझ्या बाबांपासून पाववाल्यापर्यंत. त्यामुळे घाटात बर्फ पडला तरी आम्हाला कोणाला काही वाटत नाही. त्या टायरवर तो रस्ता सोपा आहे. मी मागच्या रविवारीच गेले होते, वरती इतका सुंदर ताजा बर्फ होता की (ठाणे अंमलदारांनी मुद्द्याचं सांगायला सांगितलं.) आमच्या काउंटरच्या गाड्यांना ते टायर नसतात हे मला माहीत आहे. मीच रोज त्या गाड्या देते. रेघ मारताना ते डोक्यात आलं नाही.

ते १२:२० ला निघाले. लेझार्बला जेवले असावेत, कारण माझ्या आईने मला मेसेज केला की चष्मा घातलेली एक मुलगी पाववाल्याकडे तुझं नाव सांगत होती. घाटात अडीचपासून बर्फ सुरू झाला.

१६:०५ ला काउंटरच्या फोनवर आजोबांचा फोन आला. बोलणं आठवतं तसं सांगते.

ते म्हणाले, "पोरी, तुझी ही चेन चाकाला पुरत नाही. चार बोटं कमी पडते."

मी म्हणाले, "नवी चेन ताठ असते आजोबा. जरा हिसका द्या."

"अर्धा तास हिसकेच देतोय. हात सोलले. गाडी घसरून एक चाक गटारात गेलंय. सेंट आनच्या चॅपेलच्या वर दोन वळणं."

मागून नात म्हणाली, "आजोबा, ताईला सांगा, तुम्ही शिवी दिली."

ते म्हणाले, "अजून थोडा उजेड आहे. हिला घेऊन खाली चालत उतरू, की थांबू? तू तिथली आहेस, तू सांग."

मी म्हणाले, "थांबा. गाडी सोडू नका."

मग फोन कट झाला. मी मागे शेल्फकडे बघितलं. निळ्या पट्टीच्या पेट्या आज दुपारपर्यंत सगळ्या जायला हव्या होत्या. एक तिथेच होती.

मी लगेच परत फोन लावला. बंद होता. मी मॅनेजर देलाव्ह यांना सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर सही आहे ना? मग पेटी बरोबरच गेली. ते काय लहान मूल आहेत? लागलीच गरज तर करतील पोलिसांना फोन. तू समोरची रांग बघ."

प्रश्न : १६:०५ पासून १७:४५ पर्यंत तुम्ही काय केलं?

उत्तर : गाड्या दिल्या.

प्रश्न : किती?

उत्तर : अकरा.

प्रश्न : त्यांच्या पेट्या?

उत्तर : प्रत्येकाची पट्टी तपासून दिली. प्रत्येकाला चेन चढवून दाखवली.

प्रश्न : मधे पुन्हा फोन लावला?

उत्तर : नऊ वेळा. बंदच होता.

प्रश्न : आम्हाला का नाही लावला?

उत्तर : समोर रांग होती.

ड्युटी संपल्यावर मी कोट न घालताच निघाले. विमानतळापासून इथपर्यंत पळत आले.

१९:०५ ला पथकाचा फोन आल्यामुळे जबाब थांबवला. १९:२० ला पुन्हा सुरू केला. ठाणे अंमलदारांनी मला पुढील गोष्टी सांगितल्या. गाडी मी सांगितलेल्या जागी सापडली. पुढच्या एका चाकाला पिवळ्या पट्टीची चेन दोरीने बांधलेली होती, गाठी पक्क्या होत्या. नात गाडीत मागच्या सीटवर होती. आजोबांचा कोट, स्वेटर आणि मोजे तिच्या अंगावर होते. ती बोलते आहे. तिला खाली आणत आहेत. आजोबा गाडीत नाहीत.

नातीने पथकाला सांगितलं की, काउंटरवरच्या ताईने पोलिसांना कळवलंय, ते येतायत, असं आजोबा म्हणाले. म्हणून ते दोघं खाली उतरले नाहीत. मग अंधार पडला आणि गाडीवर बर्फ साचला. पोलिसांना गाडी दिसणार नाही म्हणून आजोबा टॉर्च घेऊन खालच्या वळणावर उभं राहायला गेले. तिला म्हणाले, शंभरपर्यंत मोज, मी आलोच. तिने किती वेळा शंभर मोजले ते तिला सांगता येत नाही.

वळणावर पथकाला टॉर्च मिळाला. पुढे दरीकडे शोध चालू आहे.

प्रश्न : पोलिसांना कळवलंय, हे केर्व्हेला यांना कोणी सांगितलं?

उत्तर : मला माहीत नाही. त्यांचा काही गैरसमज झाला असेल.

मला आणखी काही सांगायचं नाही. मॅनेजरनी मला इथे येऊ नको असं सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी सहाला ये, एवढंच सांगितलं होतं.

१९:५० ला हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ठाणे अंमलदार "थांबा. गाडी सोडू नका." इथपर्यंत वाचत आले तेव्हा मी त्यांना थांबवलं. मी विचारलं, आजोबा सापडले का. ते म्हणाले, "ते जबाबात येत नाही. तुझं काय म्हणणं आहे ते सांग." त्यांनी मला पाणी दिलं. माझ्या सांगण्यावरून त्या जागी पुढील मजकूर घातला :

"त्यानंतर आजोबा म्हणाले, माझी बॅटरी तीन टक्के आहे. एकच फोन होईल म्हणून तुला केला, चेन तुझी आहे. आता तूच पोलिसांना कळव. कळवशील ना? मी म्हणाले, हो आजोबा, आत्ता लगेच कळवते. ते म्हणाले, मग काळजी नाही. आणि मग फोन कट झाला."

१९:२० नंतरच्या प्रश्नाला 'मला माहीत नाही' असं उत्तर मी दिलं होतं. ते मी मागे घेते.

एवढं घातल्यावर जबाब पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. आता तो घडलं तसा आहे.

सही
क्लेलिया मेर्मियो