बत्तीसपैकी सोळा

जबाब देणार: या कामातील फिर्यादींची पत्नी, वय वर्षे ४१, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार स्टुडिओच्या वरचा मजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती, माझे धाकटे दीर व सासूबाई असे एकत्र राहतो. दिरांना मी भाऊजी म्हणते, म्हणून पुढे तसेच लिहावे. स्टुडिओ दोघे भाऊ मिळून चालवतात. भाऊजी बाहेर जाऊन शूटिंग करतात, माझे पती कॉम्प्युटरवर बसून त्याची फिल्म जोडतात. मी काउंटर सांभाळते, पासपोर्टचे फोटो काढते आणि गिऱ्हाइकांना "उद्या नक्की देतो" असे सांगते.

फिल्म जोडायच्या कॉम्प्युटरला मोठी मेमरी लागते. त्यासाठी या वर्षी भाऊजींनी बाजारातून रॅमच्या चार पट्ट्या आणून आत बसवल्या. प्रत्येकी आठ जीबी, एकूण बत्तीस. बसवल्यावर माझ्या पतींनी मला काउंटरवरून हाक मारून स्क्रीनवरचा आकडा दाखवला होता. "बघ, बत्तीस," म्हणाले. त्या दिवशी दोघे भाऊ खुशीत होते. नंतर कॉम्प्युटर बरेच दिवस नीट चालला.

मधल्या काळात भाऊजींनी जेवताना विषय काढला की, त्यांना स्वतःचा वेगळा स्टुडिओ टाकायचा आहे. माझे पती ताटावरून उठताना एवढेच म्हणाले, "पंख फुटले म्हणायचे." त्यानंतर दोघांचे बोलणे कामापुरते झाले. निरोप माझ्यामार्फत जात असत. एकाच खोलीत दोघे बसलेले असतानाही जात असत.

गेल्या रविवारी कॉम्प्युटरचा पंखा घरघर करू लागला. माझ्या पतींनी स्वतः डबा उघडला, आतला प्रोसेसरवरचा पंखा काढला, ब्रशने धूळ झटकली आणि पंखा परत बसवला. घरघर थांबली. सोमवारी मी व माझे पती सासूबाईंना दवाखान्यात दाखवायला घेऊन गेलो. दिवसभर स्टुडिओत भाऊजी एकटे होते. त्यांनी फुटकळ फोटो छापले, मोठे काम काही केले नाही.

मंगळवारी माझे पती एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची फिल्म जोडायला बसले. फिल्म सारखी अडकू लागली. मुले नाचता नाचता मध्येच एक पाय वर धरून थांबत. पतींनी मेमरीचा आकडा पाहिला तर सोळा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी सोळाच. डबा उघडून पाहिले तर पट्ट्या चारच्या चार जागेवर होत्या. त्यावर पती म्हणाले की, चांगल्या दोन काढून मेलेल्या दोन बसवल्या आहेत, आणि हे सोमवारी झाले आहे.

त्यांनी भाऊजींना समोर बोलावून विचारले, "नव्या स्टुडिओचं सामान इथून न्यायला लागलास का?" भाऊजींना आधी ते काय बोलतात हेच कळले नाही. कळल्यावर ते म्हणाले, "दादा, एकेक पट्टी लावून बघू. मेलेली असेल तर कॉम्प्युटर चालूच होणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे." माझे पती म्हणाले, "तू हात लावायचा नाहीस." भाऊजींनी तरी स्क्रू ड्रायव्हर उचलला. पतींनी तो हिसकावला. झटापट झाली का असे मला आता विचारण्यात आले. माझ्या पतींनी हात उगारला होता. तो लागला की नाही हे मी पाहिले नाही. मी त्या वेळी खाली बघत होते.

भाऊजींनी किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर ठेवला आणि मला म्हणाले, "वहिनी, आईला सांग, कामाला बाहेरगावी गेलोय." अंगावरच्या कपड्यांनिशी ते निघाले. कॅमेरासुद्धा नेला नाही. दीर अजून घरी आलेले नाहीत. सासूबाईंना मी तसेच सांगितले. त्यांनी दोन वेळा विचारले, "कॅमेरा तर इथंच दिसतो?" मी म्हटले, दुसरा नेला.

आज सकाळी माझे पती या ठाण्यात फिर्याद द्यायला आले. येण्याआधी त्यांनी मला विचारले नव्हते. ते गेल्यावर मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन करून बोलावले. त्या आमच्याकडे पूर्वी प्रिंटरसाठी येऊन गेल्या आहेत. त्यांना मी एवढेच सांगितले की, बत्तीस बसवली आहे, सोळा दिसते, आणि मला आजच्या आज कारण हवे आहे.

बाईंनी चारही पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांची सोनेरी कड खोडरबराने पुसली. मग एकच पट्टी एका खाचेत बसवून कॉम्प्युटर चालू केला. आठ दिसले. तीच खाच ठेवून दुसरी लावली, आठ. तिसरी, आठ. चौथीलाही आठ दिसले. बाई म्हणाल्या, "पट्ट्यांना काही धाड भरलेली नाही. चारही ठणठणीत आहेत." मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावले.

याच सुमारास माझे पती परत आले. काय चालले आहे ते त्यांनी पाहिले, पण थांबवले नाही. दारातच उभे राहिले.

बाईंनी मग पट्टी तीच ठेवून खाचा बदलल्या. चारपैकी दोन खाचांमध्ये ती लावली की कॉम्प्युटर चालूच होत नव्हता. बाईंनी सेटिंगचे पान उघडून पाहिले, तिथे वावगे काही नव्हते. त्यांनी डबा आडवा करून बॅटरी मारली आणि विचारले, "हा पंखा मध्ये कुणी काढला होता का?" माझे पती म्हणाले, "मी."

बाईंनी सांगितले की, पंख्याच्या चार स्क्रूंपैकी एका कोपऱ्याचा स्क्रू करकचून आवळला आहे आणि त्याच्या समोरचा ढिला आहे. त्यामुळे खालचा प्रोसेसर एका अंगाला दाबला जातो, दुसऱ्या अंगाला नीट टेकत नाही, आणि त्या बाजूच्या दोन खाचा त्याला दिसत नाहीत. असे पुष्कळांचे होते, असेही त्या म्हणाल्या. त्यांनी पंखा उतरवला, प्रोसेसर उचलून खालच्या पिना पाहिल्या, एकही वाकलेली नव्हती. मग सगळे परत बसवून, चारही स्क्रू समोरासमोर थोडे थोडे पिळत सारखे केले. चारही पट्ट्या लावल्या. कॉम्प्युटर चालू केला तेव्हा स्क्रीनवर बत्तीस आले. मला कोणी हाक मारली नाही. मी तिथेच उभी होते.

बाई गेल्यावर माझे पती पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसले. मागे पांढरा पडदा होता. ते म्हणाले, "आता त्याला कसं तोंड दाखवू?" मी म्हटले, "आधी ठाण्यात चला." ते म्हणाले, "तू हो पुढे." मी सासूबाईंना औषध दिले, शेजारच्या बाईंना वर बसवले आणि निघाले.

ठाण्यात आले तेव्हा भाऊजी बाकावर बसलेले होते. त्यांना सकाळी मित्राच्या घरून आणल्याचे मला कळले. मला पाहून ते उभे राहिले. पहिले विचारले, "आईनं गोळी घेतली?" मी हो म्हटले. मग विचारले, "अजून सोळाच का?" मी सांगितले, "नाही, बत्तीस झालं. पंख्याचा स्क्रू जास्त आवळला गेला होता." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "हां. तेही होतं कधी कधी. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं." पुढे विचारले, "दादा काय म्हणाला?" मी अंमलदारांच्या टेबलाकडे वळले.

ठाणे अंमलदारांनी मला समजावले की, माझ्या सांगण्याने काम मिटत नाही, फिर्याद देणाऱ्याने स्वतः येऊन लिहून दिले पाहिजे. मी पतींना फोन केला. ते लगेच आत आले. ते बराच वेळ फाटकाबाहेरच उभे होते असे दारावरच्या शिपायांनी मला नंतर सांगितले. पतींनी, आपण गैरसमजातून फिर्याद दिली, माल जागेवर आहे, भावाविरुद्ध काही म्हणणे नाही, असे लिहून सही केली. सही करताना त्यांना पेन दोनदा बदलून घ्यावे लागले.

त्यानंतर माझे पती भाऊजींना म्हणाले, "चल, जेवून घे." भाऊजी म्हणाले, "जेवलोय मी." भाऊजींनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतले नसल्याचे अंमलदारांनी मला आधीच सांगितले होते. माझे पती म्हणाले, "अरे, चुकलं माझं." भाऊजी म्हणाले, "ठीक आहे, दादा." ते रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर मला बरे वाटले असते. मला नमस्कार करून ते पायी निघून गेले. कुठे जाता, असे मी विचारले नाही. माझे पती त्यांच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेले आणि एकटे परत आले. आता ते बाहेरच्या बाकावर बसले आहेत.

कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असे मला विचारण्यात आले. नाही. आणखी काही सांगायचे आहे का, असेही विचारले. सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते या कामातले नाही.

हा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. फक्त एके ठिकाणी "दीर घर सोडून गेले" असे लिहिले गेले होते. ते खोडून मी "दीर अजून घरी आलेले नाहीत" असे करून घेतले. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. आता बरोबर आहे.