नव्या फाईलींचं कुलूप

—अगं, टेबलावर हात नको आपटूस, दचकते मी! बस, नाझिया. हळू बोल. विनीतसर आत आहेत, कॅफे त्यांचा, उद्या मला घरी बसवलं तर तू देणारेस नोकरी? हं. तुझे थोरले दीर तुडीलला गेले, तुझ्या माहेरी, आणि तुझा पासपोर्ट घेऊन आले. वाईट झालं. पण माझ्यावर का येतेस? दमामच्या नवऱ्यासाठी, अरफातसाठी, इथे आवाज भरलास तू, तुझ्या नावाने लॉगिन करून. सासूच्या खाटेजवळ फोन, तिथून बोलता येत नाही म्हणालीस—माईक मीच लावून दिला ना? आता अरफात थोरल्या भावापुढे तोंड उघडत नाही, त्यालाही मीच जबाबदार?

तुमच्या फाईलींना कुलूप आहे म्हणाले होते मी, हो, म्हणाले. खोटं नव्हतं ते. या लिनक्सच्या मशीनवर एक ओळ लिहून ठेवायची असते, युमास्क म्हणतात, म्हणजे कुणीही नवी फाईल केली की ती फक्त त्यालाच उघडते. सरांनी सांगितली, मी लिहिली. हुकूम टाईप करायच्या काळ्या खिडकीत एक फाईल करून तपासलीसुद्धा—बंद! पण मी लिहिली तिथून ती काळ्या खिडकीलाच लागते. तुम्ही चित्रावर क्लिक करून जे उघडता, तुझा तो रेकॉर्डर, ते लॉगिनमधून सुरू होतं, त्याला त्या ओळीचा पत्ताच नसतो—हे मला बी.एस्सी.ला कोण शिकवणार होतं? राहिली तुझी फाईल उघडी. तुझे दीर, मुदस्सरभाई, ट्रकच्या मेल बघायला येतात, त्यांना तुझ्या नावाचा फोल्डर दिसला. मी काय केलं? हेडफोन मागितला, दिला.

आणि तूही कमाल केलीस हं. माहेरच्या तांदळाच्या पिंपात कुणी पासपोर्ट ठेवतं?—अं? तूच सांगितलंस की मला. नाही? मग... बरं, ऐकलं! ऐकलं मी. त्यात काय एवढं? दुपारी इथे चिटपाखरू नसतं, एकटीला भीती वाटते मला, कानात कुणी बोलत असलं की बरं वाटतं. तुझं एकटीचं नाही ऐकत, सगळ्यांचं ऐकते. हिरकणीवाडीची चंपाबाई पुण्यातल्या मुलाला काय शिव्या घालते—हसून पोट दुखतं. तू तर रडतेससुद्धा ठेक्यात—'अम्मांचं गूमूत मीच काढू का जन्मभर'—कसं वाटलं असेल म्हातारीला? ओळ चुकीच्या जागी आहे हे गणपतीतच कळलं होतं मला. पण हलवली असती तर मलाही काही उघडलं नसतं ना!

रडू नकोस, कीबोर्डवर पडतंय. आज सकाळी हलवली मी ती ओळ, लॉगिनमध्ये घातली. आता चित्रावरून केलेली फाईलही बंद. तुझी? तुझी उघडीच गो. ही ओळ नव्या फाईलींना लागते, जुनीला हात लावत नाही.

उद्या जमातीच्या बैठकीत येऊन सांगू, की मुदस्सरभाईंनी तुला न विचारता ऐकलं? मी? नाही बाई. कुलूप तोडलं असतं तर सांगितलं असतं. उघडी होती, त्यांनी उघडली.

पूस ना, पूस, तुझीच फाईल आहे. तिची सीडी कधीचीच गेली मुदस्सरभाईंकडे. मीच करून दिली—वर तुझं नाव घातलं, सुवाच्य. ऊठ आता. गिऱ्हाईक उभंय.