बटव्याचा हार

अहो, तुमचाच हार तो, दुसऱ्या कुणाचा असणार — तुमच्या आईंच्या बटव्यावरची ती मण्यांची निळी फुलं मी ओळखणार नाही? आता डबी उघडलीतच, तर लपवायचं काय! झालाय. मागच्या खेपेला तुम्ही आलात ना, तेव्हाही झालेलाच होता. आणि मी काय म्हणाले — दोरा कुजलाय, मणी एकेक सोडवावा लागतो, घाई केली की काच तडकते. तसं ते खोटं नाही, दोरा कुजलाच होता — पण काम संपलं होतं. रागावू नका. बसा ना जरा, उभ्याउभ्या काय बोलायचं.

ते मधलं दार बघा. तिथं मण्यांचा पडदा होता. सासूबाईंनी ओवलेला, हिरव्या पोपटांचा. कुणी आत-बाहेर केलं की खळखळायचा — आणि कोण आलं ते मला पाठमोरीला कळायचं. सासूबाई अलगद सरकवायच्या, मुलगा वावटळीसारखा घुसायचा, आणि हे? हे मुद्दाम हात फिरवून वाजवायचे, घरच्या घरात वर्दी! मग सासूबाई गेल्या, मुलगा लांब नोकरीला गेला, मग हेही गेले. वाजवणार कोण — मीच. आपल्याच येण्याजाण्यानं आपणच दचकायचं, हे काय जगणं झालं? एका दुपारी उतरवला आणि त्याची कानातली केली. शेजारणींना आवडली, त्यांनी आपापल्या आज्यांच्या पिशव्या, बटवे आणले, असं हे काम सुरू झालं. बरं वाटलं हो. माणसं यायला लागली ना दारात.

मध्यंतरी बसमध्ये एक मुलगी दिसली, कानात माझ्या पोपटाचा पंख. काय झालं कोण जाणे — माझा थांबा आला, गेला, मी आपली तिच्या कानाकडे बघत बसलेली. ती उतरली, तिच्यामागे मीही. मनात म्हणतेय, जरा मान हलव गं, ऐकू दे. तिनं मागं वळून असं पाहिलं — मी आपली दुकानाच्या पाटीकडे बघितल्यासारखं केलं. हसू नका. म्हणजे, हसलात तरी चालेल.

हार हातात पडला की गिऱ्हाईक परत कशाला येतंय? आणि तुम्ही तर बसायचात, आईंबद्दल सांगायचात — डोळे गेले तरी बटव्यावरची फुलं बोटांनी कशा ओळखायच्या, हार कधी येतोय म्हणून तुमच्यामागे कशी भुणभुण लावतात... तुम्ही गेलात की मी त्यांच्याशी भांडायचे सुद्धा — एवढी घट्ट वीण घालतं का कुणी, बोटं सोलवटली माझी! कधी पाहिलं नाही त्यांना, पण घरातल्याच वाटायला लागल्या. म्हटलं, अजून एक खेप होऊ दे. एकच.

बरं, आता खरंच न्या. हे बघा, मागची कडी मोठी घेतलीय — चाचपून त्यांची त्यांना लावता यावी म्हणून. घरी गेल्या गेल्या काही बोलू नका, नुसता हातावर ठेवा, बघा ओळखतात का — काय?

गेल्या? कधी?

म्हणजे... तुम्ही न्यायला आलाच नव्हतात. ‘आता हार राहू द्या’, एवढंच सांगायला —

आणि मी मघापासून —

पाणी देऊ? नको. खरंय, माझ्या हातचं कशाला घ्याल. हा हार तेवढा घ्या. घ्या हो, मी कुठं ठेवू तो. आणि जा तुम्ही. काही म्हणू नका मला — जा आता.