गणराजची एकट्याची मोहीम

नाही पण, मला एक सांगा, माणसानं जन्मात एकदा, फक्त एकदा, एकट्यानं कुठंतरी जायचं म्हणलं तर तो काय गुन्हा झाला का? नाही ना? मग आमच्या गणराजच्याच मागं ही पीडा का, सांगा ना! आणि जायचं तरी कुठं होतं हो बिचाऱ्याला? हिमालयात! ते पण मनाली-बिनालीला फोटो काढायला नाही, तर पार स्पितीच्या पलीकडं एक शिखर आहे, त्याला धड नाव पण नाही, नकाशावर नुसता उंचीचा आकडा, तिथं ना हॉटेल, ना रस्ता, ना मोबाईलला रेंज... आणि रेंज नाही म्हणूनच तर निवडलं होतं त्यानं ते! एकट्यानं जायचं होतं हो त्याला... एकट्यानं!

तुम्हाला सांगतो, हा गणराज कुरुळीच्या जुन्या घरातला. घरात माणसं अकरा आणि हाक मारायला नाव एकच. सकाळी डोळा उघडायच्या आत आई, शालनबाई, ‘गणराज, मोटर लाव रं!’ मग महाळुंग्याला कंपनीत जायचं, तिथं हा शिफ्ट इन्चार्ज, गेटमध्ये पाय टाकला की ‘सर, प्रेस बंद पडली!’ घरी यावं तर आवारात भाड्याच्या खोल्या बांधलेल्या, तिथली पोरं वाट बघत उभी, ‘गणराजभाऊ, टाकीला पाणी नाही!’ बरं, न्हाणीघरात जाऊन कडी लावली तरी दोन मिनिटांत चुलते दादासाहेबांची दारावर थाप, ‘गणराज, आत हाईस का?’ अहो, आत हाईस का! आत नसता तर कडी काय भुतानं लावली?

तर ह्या माणसानं वर्षभर कुणाला पत्ता लागू न देता सगळं ठरवलं. पिंपळे सौदागरला मिठाईच्या दुकानाच्या वर तेजस्विनी म्हणून एक मॅडम आहेत, स्वतः पट्टीच्या गिर्यारोहक, त्या असल्या मोहिमा नेतात. गाइड त्यांचा, दोर त्यांचा, तंबू त्यांचा, आपण फक्त आपला जीव घेऊन जायचं. बरोबर अनोळखी चार जण. गणराज मला म्हणला, ‘भावा, त्या चौघांना मी माझं नावच सांगणार नाही. म्हणजे विषयच मिटला.’ रजा मंजूर, बूट आले, सगळं आलं. राहिला होता सराव. मॅडमनी सांगितलेलं, पाठीवर वजन घेऊन चढा-उतरा करा. आता कुरुळीत चढायला काय आहे? म्हणून हा पठ्ठ्या सॅकमध्ये बाजरी भरून, पायात ते राक्षसासारखे बूट घालून, रोज पहाटे पाण्याच्या टाकीचा जिना चढायचा आणि उतरायचा. आणि गावात असं काही लपतं होय!

एके दिवशी शालनबाईंनी खालूनच धरला. ‘गणराज, काय चाललंय?’ आणि ह्या शहाण्यानं, दमलेला होता हो, श्वास लागलेला, फक्त तीन शब्द उच्चारले... ‘हिमालयात जातोय. एकटा.’

झालं! आता तुम्ही-आम्ही काय समजू? ट्रेकला चालला. पण कुरुळीतल्या जुन्या माणसाला चाळिशीतला बाप्या ‘एकटा हिमालयात जातो’ म्हणला की एकच अर्थ कळतो. संन्यास! पोरगं संसार सोडून चाललं! शालनबाईंनी तिथंच पायरीवर बसकण मारली. आत्या भिमाबाई जुन्नरवरून निघाल्या त्या एसटीत बसल्यापासून रडतच आल्या, इतक्या की कंडक्टरनं विचारलं, कोण गेलं? तर म्हणाल्या, ‘जायाचाय अजून.’ भावकी गोळा झाली. दादासाहेब मधोमध खुर्ची टाकून बसले, टोपी मांडीवर, म्हणजे प्रकरण गंभीर.

‘गणराज, तुला काय कमी हाय? कुणी काय बोललं का?’

‘दादा, मी फक्त डोंगर चढायला चाललोय. चढणार आणि परत येणार.’

‘वर देव कोणता?’

‘वर देव-बिव काही नाही. नुसता बर्फ आहे.’

‘देव न्हाई?’ दादासाहेबांनी सगळ्या भावकीकडं बघितलं. ‘मग माणूस वर जाईलच कशाला?’

आपल्याकडं टेकडी जरी असली तरी वर निदान शेंदूर फासलेला एक दगड तरी असतो, हात जोडायला. आणि स्वरूपा, गणराजची बायको, ती आत चहाची भांडी विसळताना पाठमोरीच म्हणाली, ‘खरं सांगा, आमचा कंटाळा आलाय ना?’ तुम्हाला सांगतो, तिथं गणराज हलला. कारण कंटाळा आला नव्हता हो माणसांचा! जीव होता त्याचा सगळ्यांवर. फक्त काही दिवस कुणी हाक मारू नये, एवढंच पाहिजे होतं. पण हे सांगायचं कसं? ‘तुम्ही मला फार आवडता, म्हणून जरा लांब चाललोय’ हे कुठल्या बायकोला पटेल? एकट्यानं जायचं होतं हो त्याला... एकट्यानं!

आणि मग घात झाला. बाहेर येऊन, सगळ्यांचे पडलेले चेहरे बघून, आत्याचा भिजलेला पदर बघून, हा माणूस बोलून गेला... ‘अहो, विश्वास नाही ना? मग चला की तुम्ही पण! बघा डोळ्यांनी!’

आता आपली रीत काय आहे? आपण जेवत असलो आणि दारात कुणी आलं की आपण म्हणतो, ‘या जेवायला!’ आणि समोरच्यानं म्हणायचं असतं, ‘नको नको, आत्ताच उरकलं.’ पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणायचं! त्यावर तर चाललाय आपला महाराष्ट्र. खरोखर ताट ओढून कुणी बसतं का? पण दादासाहेबांनी टोपी मांडीवरून उचलली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले,

‘व्हय, पोरगं एवढं मनापासून बोलवतंय. जाऊ की समदे!’

समदे! आत्यानं डोळे पुसले आणि पहिला प्रश्न काय, तर ‘वर आंघोळीला गरम पाणी असंल ना रं?’

गणराजची शेवटची आशा म्हणजे तेजस्विनी मॅडम. त्यानं आधीच फोन करून हातापाया पडून सांगितलं, ‘मॅडम, उद्या घरचे येतील, तुम्ही फक्त नाही म्हणा.’ मॅडम म्हणाल्या, ‘काळजीच करू नका, मी भल्याभल्यांना नाही म्हणते.’ दुसऱ्या दिवशी सगळं घर त्या छोट्याशा ऑफिसात, अर्धे आत, अर्धे जिन्यात. मॅडम कडक आवाजात सुरू झाल्या, ऑक्सिजन विरळ असतो, थंडी अशी असते, हिमदरी तशी असते... आणि शालनबाईंनी मधेच डबा उघडला. मासवडी! बरोबर रस्सा! ‘आधी दोन घास खा गं बाय, किती वाळलीस त्या डोंगरावर.’

मला सांगा, मासवडी खाऊन कुणी नाही म्हणलंय आजवर? मॅडमनी रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवून म्हणाल्या, ‘शिखरावर फक्त गणराज. पण बाकीच्यांना बेस कॅम्पपर्यंत नेता येईल... प्रत्येकाची मेडिकल टेस्ट पास झाली तर.’ आणि वर बोटं चाटत गणराजला काय म्हणतात, ‘किती प्रेमळ माणसं आहेत हो तुमची!’

तिथून पुढं तयारी म्हणजे नुसता गोंधळ! म्हणजे डोंगराची तयारी राहिली बाजूला, लग्नाचं वऱ्हाड निघाल्यासारखं झालं. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, ‘कुरुळी ते कैलास’. हा म्हणतोय, अहो तो कैलास नाही! कोण ऐकतंय? ‘बेस कॅम्पला पार्किंग हाय का?’ ‘आचारी न्यायचा का आपला?’ ‘गणराज, माझ्या पायाला स्वेटर मिळंल का?’ दादासाहेब तर बारकी घंटा घेऊन आले, म्हणे वर देव न्हाई ना, मग आपणच नेऊ, खंडोबाचा टाक घे आन् बसव वर, एवढ्या उंच आपल्या देवाला कोण नेतंय! आणि ह्या सगळ्याचं बुकिंग, आधार कार्डं, कुणाला खिडकीची सीट, कुणाला गोळ्या... कोण बघणार? गणराज! आधी दिवसाला पन्नास हाका यायच्या, आता मोजदादच नाही. एकट्यानं जायचं होतं हो त्याला... एकट्यानं!

आणि मग ती मेडिकल. सगळे एकाच दवाखान्यात. दादासाहेब तंबाखूची गोळी गालात ठेवून गेले, तर डॉक्टर म्हणाले, ‘आजोबा, काय तब्येत आहे, व्वा!’ आत्या पास. शालनबाई पास. स्वरूपा तर डॉक्टरच्या शिपायापेक्षा भरभर पायऱ्या चढून दाखवून पास. आणि शेवटी गणराज. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. ‘एवढं बीपी? कसलं टेन्शन आहे तुम्हाला?’ गणराज बोलणार तेवढ्यात दारातून दहा मुंडकी आत डोकावली, ‘काय झालं, गणराज?’ डॉक्टर म्हणाले, ‘बरं, कळलं. यंदा शिखर विसरा. घरी राहा, आराम करा. मुख्य म्हणजे तुम्हाला शांतता पाहिजे.’

दोन दिवस गणराज घासभर जेवला नाही. वर्षभराचा सराव, ते बूट, ती टाकी, सगळं पाण्यात. रडला हो तो, माझ्यासमोर रडला! आणि रडता रडता एकदम थांबला. डोळे असे मोठे झाले. म्हणला, ‘भावा... म्हणजे ते सगळे जाणार... आणि मी घरी राहणार?’

अहो, मग काय! त्यांचं बुकिंग झालेलं, पैसे भरलेले! सगळं घर रिकामं! फोन लावायचा म्हणलं तरी तिकडं रेंज नाही! रजा तर आधीच मंजूर! हिमालय चालत दारात आला होता त्याच्या! असा काय हुरूप आला त्याला, स्वतः सगळ्यांच्या बॅगा भरल्या, आत्याच्या पायाला स्वेटर पण कुठून तरी पैदा केला. निघायच्या दिवशी गाडी दारात, सामान वर बांधलेलं, दादासाहेबांच्या हातात नारळ. गणराजला राहवेना. आनंदात ओरडला, ‘निघा दादा, निघा! माझी अजिबात काळजी करू नका! मी मजेत राहतो... एकटा!’

दादासाहेबांचा नारळ धरलेला हात तिथंच थांबला. डोळ्यांत टचकन पाणी. ‘बघा,’ ते भावकीला म्हणाले, ‘सोताचं दुख गिळून पोरगं आपल्याला जा म्हणतंय. ह्याला असा आजारी, एकटा टाकून कोण जाईल? उतरवा रं सामान!’

‘अहो दादा, नको! डॉक्टरांनी शांतता सांगितलीय मला!’

‘सांगितलीय ना? मग एक शब्द बोलणार न्हाई कुणी. समदे गप बसू,’ दादासाहेब म्हणाले. ‘पर बसू तुझ्यापाशीच.’

मी काल गेलो होतो बघायला. गणराज खाटेवर आडवा, भोवती दहा माणसं, कुणी हाक मारत नाही, कुणी चकार शब्द काढत नाही, नुसती त्याच्याकडं एकटक बघतायत. त्यानं कूस बदलली तरी दहाच्या दहा उठून उभी राहतात. मी तोंड उघडलं, तर आत्यानं ओठावर बोट ठेवलं आणि सरकून मला पण जागा करून दिली.

बसलो मग.