मुरकोटच्या कड्यावरची शीळ

मी, रमल खान वल्द निगाह शाह, वय अदमासे एकसष्ट, धंदा गावच्या रानराखण समितीकडे राखणदारी व थोडी जवाची शेती, राहणार मुरकोट, गिलगितच्या वरचा नाला, म्हणजे वरची दरी, आज दिनांक १९ फेब्रुवारी रोजी चौकीत आपण होऊन हजर राहून तोंडी सांगतो ते येणेप्रमाणे.

शिकारीचे ठेकेदार तैफूर हुसेन यांची तक्रार मला वाचून दाखवली. परदेशी पाहुण्याच्या परवान्याच्या शिकारीत मी मुद्दाम शीळ घालून मारखोर, म्हणजे पिळदार शिंगांचा रानबोकड, पळवला, असे तीत म्हटले आहे. शीळ मीच घातली. त्यासाठी दुसरा साक्षीदार शोधण्याचे कारण नाही.

काल दुपारी गावचे नंबरदार अजब खान माझ्या घरी आले. त्यांनी खारट चहा संपवला. मग म्हणाले, "रमल, खोकला आला म्हणून सांग. त्या कड्यावर या दिवसांत कुणालाही येतो." आमच्या नाल्याला दर हिवाळ्यात एका म्हाताऱ्या नराच्या शिकारीचा परवाना मिळतो. मुलींची शाळा आणि पाण्याचा कालवा त्याच्या पैशावर चालतात. राखणदारानेच शिकार मोडली असे ठरले, तर पुढच्या सालचा परवाना दुसऱ्या नाल्याला जाईल. माझी सून त्याच शाळेत शिकवते. हे सर्व मला माहीत आहे. मी नंबरदारांना म्हणालो, "खोकला वेगळा ऐकू येतो, अजब भाई." ते चहाचा पेला तसाच हातात धरून गेले, तो आज सकाळी परत पाठवला.

मी शिकारीच्या विरुद्ध नाही, हे लिहून घ्यावे. माझ्या तरुणपणी या नाल्यात सतरा मारखोर उरले होते. त्याच्या आदल्या आठवड्यात अठरा होते. अठरावा मी मारला होता. गेल्या महिन्याच्या मोजणीत दोनशे सहा भरले. मधली तीस वर्षे मी मशिदीच्या ओट्यावर उभा राहून लोकांना बंदुका खाली ठेवायला सांगत आलो. एक म्हातारा द्या आणि डोंगर वाचवा, हे शब्द माझे आहेत. आजही मी त्यावरून हटत नाही. समुद्रापलीकडून माणसे येतात आणि सांगतात, हे जनावर साऱ्या जगाचे आहे. कबूल. मग बर्फात राखणीला मुरकोटचीच चौदा माणसे का? जनावर जगाचे असेल तर त्याची थंडीही जगाने वाटून घ्यावी. नुसते परवाना नाही म्हणणारे आणि नुसते परवाना विकत घेणारे, दोघेही वसंतात, पाडसे जपायच्या वेळी, आपापल्या घरी असतात. येथे लेखनिकांनी सांगितले की हे घटनेला सोडून आहे. मी पुढे सांगतो.

दिनांक १६ रोजी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही तिघे वरच्या कड्यावर पोहोचलो. पाहुणे वर्नर साहेब, वय सत्तरीपुढे, तैफूर हुसेन आणि मी. घळीपलीकडे, दोनशे पावलांवर, उन्हातल्या खडकावर नर बसून रवंथ करीत होता. दुर्बिणीतून शिंगांवरची वर्षांची वळी मोजणे हे माझे काम. बारा भरली. डावा कान फाटका, म्हणजे ओळखीचा. पाडस होता तेव्हा बिबट्याच्या पंजातून सुटला होता. परवान्यात बसत होता म्हणून मी मान हलवली. पाहुण्यांनी पालथे पडून नेम धरला.

आमच्या वडिलांनी मला बंदूक हातात दिली तेव्हा एक नेम घालून दिला होता. बसलेल्या जनावरावर गोळी घालायची नाही. शीळ घालून त्याला उठवायचे, ते उठून आपल्याकडे बघेल, मग. ते म्हणत, "ही पऱ्यांची गुरं आहेत. मागून घेतोस की चोरून नेतोस, ते त्यांना दिसू दे." मी जितके मारले तितक्या वेळा शीळ घातली. त्या दिवशी बंदूक दुसऱ्याची आहे हे माझ्या ओठांच्या ध्यानात राहिले नाही. चूक म्हणायची तर एवढीच.

नर उठला. पुढचे पाय आधी, सावकाश. गळ्यावरची आयाळ गुडघ्यांपर्यंत सुटली आणि उन्हाने तिच्या कडा पेटल्या. शिंगे त्याच्यामागच्या बर्फाच्याही वर गेली. नाकातून वाफ आली. त्याने आमच्याकडे पाहिले, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे, मग माझ्याकडे. किती वेळ, ते घड्याळाने सांगता येणार नाही. माझ्या मिशीवरचा बर्फ विरघळून ओठावर आला, तेवढा वेळ. बंदूक आणि त्याच्यामध्ये काहीही आडवे नव्हते. अख्खी कूस समोर होती.

त्या वेळात एकच माणूस बोलला. तैफूर हुसेन हळूच म्हणाले, "सुभानअल्लाह." तक्रारीत हे आलेले नाही. त्यांना मी दोष देत नाही. माझ्याही तोंडी तेच होते.

वर्नर साहेबांनी बोट घोड्यावरून काढले आणि टोपी उतरवून बर्फावर ठेवली. नंतर जनावर चालत गेले. गोळी का घातली नाही, ते त्यांनाच विचारावे. मला त्यांची भाषा येत नाही. खाली उतरल्यावर तैफूर हुसेन मला म्हणाले, "चाचा, घरच्या बकऱ्या हाकायला आला होतास काय?" पाहुण्यांच्या परवान्याचे चार दिवस शिल्लक होते. ते दुसऱ्या सकाळी निघून गेले. जाताना दोन्ही हातांत माझा हात धरून उभे राहिले. शिकारीवाचून पाहुणा परत गेला, तर ठपका कोणावर तरी बसणारच. तो माझ्यावर बसावा, मुरकोटवर बसू नये, एवढी विनंती आहे. तैफूर हुसेन यांना समक्ष बोलावून त्यांनी कड्यावर उच्चारलेला तो एक शब्द विचारावा.

पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल, असे चौकीच्या साहेबांनी विचारले. मी वळी मोजीन, मान हलवीन आणि शीळ घालीन. पुढचे बंदूकवाल्याने ठरवावे.

हा जबाब मला शिना बोलीत सांगून समजावला. एके ठिकाणी "नंतर जनावर पळून गेले" असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "चालत गेले" असे केले. त्या दुरुस्तीसह तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून अंगठा देतो.