पिंपातलं तेल

(पळसदरी, १९४७. भाताची झोडणी उरकलेली. परड्यात दोन वर्षं बंद पडलेला ट्रक, बॉनेट काढलेलं. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाशी शिळफाट्याचे म्हातारे भिवाजी मिस्त्री. शेजारी ट्रकचा मालक हिरू याची विधवा सोनुबाई आणि हिरूचा धाकटा भाऊ धाकलू.)

भिवाजी : पंपाचा शेवटचा दट्ट्या बी सुटला! तीन दीस रॉकेलात बुडवून ठेवला, तवा कुठं हलला बग. इंजिनाचं फुटलेलं लोखंड बदललं, पंप बसवला, नळ्या आवळल्या. आता फकस्त हँडल मारायचं.

धाकलू : आज नको काका. उद्या बगू.

भिवाजी : उद्या कशाला? आन तुला कसलं कापरं भरलंय रं?

धाकलू : थंडी हाय.

सोनुबाई : भर दुपारी थंडी? भ्यालात तर भ्यालो म्हना, भावजी. मी बी भ्यालेय.

भिवाजी : भ्यायलाच पायजे. ही दांडी बग सोनुबाई. पंपातली ही मागंफुडं झाली का तेल कमीजास्त व्हतं. फुडं जाऊन अडकली, का इंजिन सुटलं. मंग कुनाच्या बापाला आवरायचं नाय. फुटंस्तवर पळतंय.

सोनुबाई : तसंच झालं व्हतं. मी पानी भरीत व्हते. आदी तो आवाज, मंग लोखंड उडालं. छातीतच बसलं त्यांच्या.

भिवाजी : पन दांडी अडकली कशानं, तेच मला उमगत नाय. आतला चिकटा फणसाच्या चिकासारका हाय. डिझेलचा असा नसतो.

धाकलू : दोन वरसं पडून व्हता पंप. सुकलं असंल.

भिवाजी : असंल बाबा. वास घ्यावा, तर माजं नाक कवाच गेलंय.

सोनुबाई : अडकली कशानं काय? पिऊन आलते. पिऊन इंजिनाशी झटत बसले, दांडी उलटी वढली. भावजींनी डोळ्यांनी बगितलं. व्हय ना, भावजी?

धाकलू : काका, पानी आनू का तुमाला?

भिवाजी : पानी नको, इकडं बग. हे हवेचं तोंड. इंजिन सुटलं तर भिजलेलं गोनपाट यावर दाबून धरायचं, अंग टाकून. हवा तुटली का इंजिन मेलं. हँडल मी मारतो, गोनपाट तू धर.

धाकलू : मी नाय.

भिवाजी : मंग कोन? गाडी उद्यापासनं तूच चालवनार ना?

धाकलू : मला नको गाडी. भंगारात घाला.

सोनुबाई : भंगारात? पोरांना काय घालू मग? तेवडी गाडीच ठेवून गेलेत ते. द्या गोनपाट. मी धरते.

भिवाजी : बाईमानसाचं काम नव्हं ते.

सोनुबाई : मानूस गेला तवा कुनी इचारलं, बाई का बुवा? टाकी बी मीच भरलीय सकाळी.

धाकलू : कशातनं?

सोनुबाई : त्यांच्या पिंपातनं. अर्धं शिल्लक व्हतं. लढाईच्या टायमाला डिझेल दिसत नव्हतं, तवा कुठनं कुठनं जमवलेलं त्यांनी. मी थेंब हलवला नाय.

धाकलू : वैनी, ते काढा. वतून टाका. मी कर्जतला जातो, नवं आनतो. आत्ता जातो.

सोनुबाई : त्यांच्या हातचं वतून टाकू?

भिवाजी : डिझेल काय नासत नाय रं, गप. सोनुबाई, अशी उभी ऱ्हा. तोंड तिकडं फिरव. इंजिन पयल्या फेऱ्यातच चालू व्हईल. एकदा आवाज चढला, का दाबायचं. डरायचं नाय.

सोनुबाई : आई भवानी! मारा हँडल.

धाकलू : काका, थांबा!

भिवाजी : हात सोड माजा. हँडल उलटं बसलं तर मनगट जाईल.

धाकलू : पिंपात डिझेल नाय! करंजेल हाय त्याच्यात. निम्म्याला निम्मं. मी वतलंय.

भिवाजी : काय बोलतोस?

धाकलू : डिझेल मिळंना. दादा म्हनला, गाडी उभी ऱ्हाऊ दे. मला दम निघंना. करंजेल दिव्यात जळतं, मंग इंजिनात का नाय जळनार, असं वाटलं. दादाला न सांगता वतलं. आठ दीस गाडी पळाली बी. खूस झालतो मी, काका.

भिवाजी : आरं भाड्या! ते पंपात घट्ट व्हतं. त्यानंच दांडी धरली. आता बी धरली असती. ही बाय उभीच्या उभी गेली असती, आन तू बगत ऱ्हायला असतास!

धाकलू : नाय बगवलं. म्हनून तर बोललो.

सोनुबाई : आन दारू?

धाकलू : वैनी...

सोनुबाई : दारू प्यालते का नाय ते?

धाकलू : नाय. थेंब बी नाय. लोकं गोळा झाली, कसं झालं, कसं झालं इचारायला लागली. माज्या तोंडातनं तेच निघालं. मंग मागं घेता आलं नाय.

भिवाजी : सोनुबाई, गोनपाट खाली ठेव. बस जरा. धाकलू, टाकीखाली बादली लाव, सगळं काड.

धाकलू : वैनी, मला मारा. कायतरी बोला तरी.

सोनुबाई : दोन सालं पितरात पान ठेवलं त्यांचं. कावळा शिवंना. दुपार टळायची, तरी शिवंना. आन धाकलू, मी काय म्हनले असंल त्यांना? दारू मागतोय मेला, म्हनले.