शेवटचं पान मावशींकडे

मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचं पुस्तक सुचव म्हणतोस ना? मला एकच आठवतं. साठ सालाच्या आसपास मी खंडाळ्याला क्षयाच्या दवाखान्यात होतो. बरा होऊन घरी निघालेल्या शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं हसत हसत हातात दिलेलं. बर्फात हरवलेल्या माणसाची कादंबरी. तीन दिवसांत संपवली, तर शेवटचं पान गायब!

वॉर्डातल्या मावशींवर ओरडलो, "पान कुणी फाडलं?"

"म्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी घरी जायच्या दिशी देईन."

"आणि मी गेलोच नाही तर?"

"मंग त्यो माणूस जगला का मेला, कसं कळंल? गप दूध प्या."

रोज चिडून दूध प्यायलो. सात महिन्यांनी माझी ट्रंक मीच उचलली, तेव्हा मावशींनी पान पुढं केलं.

"हितंच वाचा अन् परत द्या. पाच नंबर खाटंवाला पुस्तक संपवून लय चिडलाय."